वीस दारांचा श्वास



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले. तेव्हा इथे कुणी किड्यावर बोलायला उभे राहिले, तर ते वावगे ठरू नये. व्याख्यानमालेच्या कार्यवाहांना विषय सांगितला तेव्हा ते म्हणाले, ‘किड्यावर बोला, जरूर बोला, पण किड्याच्या श्वासावर तासभर?’ मी म्हटले, तासभर पुरला तर बरे.

किडा तुमच्या ओळखीचा आहे. नाव माहीत नसेल, पण पाहिलेला आहे. कुंडी उचलली की खालच्या ओलसर मातीतून धावत सुटणारा, चपटा, तपकिरी, बोटाच्या पेराएवढा; आणि शेपटाच्या टोकाला चिमटा. पावसाळ्यात दिव्याखाली येतो. मक्याच्या पोंग्यात लष्करी अळीच्या मागावर सापडतो. इंग्रजीतले इअरविग हेच नाव मी वापरणार आहे. कानात शिरून मेंदू पोखरतो ही युरोपातली जुनी अफवा. तिच्यावर वेळ घालवत नाही. जगात याच्या सुमारे दोन हजार जाती आहेत. अभ्यास सर्वांत जास्त झाला तो युरोपातल्या फॉर्फिक्युला ऑरिक्युलॅरिया या जातीचा. आपल्याकडे नदीकाठच्या आणि समुद्रकाठच्या वाळूत लॅबिड्युरा रायपेरिया आढळतो. भारतातल्या इअरविगांवरचा पहिला मोठा ग्रंथ माल्कम बर या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने 1910 साली लिहिला, आणि पुढे आपल्या प्राणी सर्वेक्षण विभागातल्या अभ्यासकांनी ते काम कितीतरी पुढे नेले.

आता विषयाला येतो. आज मला खरे तर एकच गोष्ट सांगायची आहे. किड्याच्या अंगात हवा शिरणे हा सोपा भाग आहे. अवघड आहे ते हवेची वाट वेळेवर मिटणे. इअरविगच्या श्वसनसंस्थेत जे जे गुंतागुंतीचे दिसते, त्यातले बरेचसे मिटण्यासाठी आहे. हे पटवायला मी आधी शरीराची रचना सांगतो, मग त्या रचनेमागचे गणित, आणि शेवटी तिची किंमत. तिन्हींना सारखा वेळ देणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

इअरविगचे नाक कुठे आहे? डोक्यावर शोधू नका. डोक्यावर लांब मिशा आहेत, डोळे आहेत, चावणारे जबडे आहेत. श्वासाचे छिद्र एकही नाही. डोके उडालेले झुरळ कित्येक दिवस जगते हे तुम्ही ऐकले असेल. ते शक्य होते, कारण त्याचा श्वास डोक्यातून चालतच नाही. इअरविगचेही तसेच. त्याची श्वासरंध्रे आहेत कुशीला, दोन्ही बाजूंना. वक्षावर दोन जोड्या आणि उदराच्या पहिल्या आठ खंडांवर आठ. दहा जोड्या, म्हणजे वीस रंध्रे.

हा दहाचा आकडा लक्षात ठेवा, कारण त्यासाठीच मी आज हा किडा निवडला. कीटकांच्या आराखड्यात दहा जोड्या ही पूर्ण संख्या धरतात. पुष्कळ कीटकांनी त्यातल्या काही बुजवल्या. डासाच्या अळीत शेपटाकडची एकच जोडी कामाची उरली आहे, म्हणून ती पाण्याच्या पृष्ठभागाला उलटी लटकते. पाण्यात वाढणाऱ्या कित्येक कीटकांच्या पिल्लांनी सगळीच रंध्रे मिटवून कल्ले काढले. इअरविगने यातले काही केले नाही. त्याच्याकडे सगळा संच शाबूत आहे. फुलपाखरांवर, मधमाश्यांवर लोक पुस्तके लिहितात, आणि त्या तशा गुणाच्या आहेतही. पण मूळ नकाशा वाचायचा असेल तर या बिनरुबाबाच्या किड्याकडे यावे लागते.

आता ही वीस रंध्रे दिसतात का? सहजासहजी नाही. पहिली जोडी त्यातल्या त्यात मोठी, छातीच्या पहिल्या आणि दुसऱ्या खंडामधल्या मऊ पडद्यात. उदरावरची फार बारीक. इअरविगच्या पोटाचे प्रत्येक खंड म्हणजे पाठीकडची एक कडक पट्टी आणि पोटाकडची एक, आणि दोन्हींना जोडणारा मऊ पडदा. रंध्र या पडद्यात असते आणि पाठीकडच्या पट्टीची कड त्याच्यावर आलेली असते. म्हणजे रंध्राला स्वतःची झडप आहे, आणि वर पट्टीचा आडोसाही आहे. दगडाखालच्या फटीत अंग घासत जाणाऱ्या, चिमटा पाठीवर वळवण्यासाठी पोट वाटेल तसे वाकवणाऱ्या प्राण्याला उघडी भोके परवडली नसती. ती मातीने भरली असती.

आत काय आहे? आत नळ्या आहेत. प्रत्येक रंध्रापासून एक आखूड नळी निघते आणि अंगाच्या कडेने डोक्यापासून शेपटापर्यंत धावणाऱ्या मोठ्या नळीला मिळते. तिथून प्रत्येक खंडात फाटे फुटतात: एक पाठीकडे, हृदयाला आणि तिथल्या स्नायूंना, एक आतड्याकडे, एक पोटाकडे, मज्जारज्जूला. डोक्याला आणि मेंदूला हवा पुरवणारे फाटे छातीतून पुढे गेलेले असतात. पायांत नळ्या आहेत, मिशांत आहेत, पंखांच्या शिरांतही आहेत. इअरविगचा मागचा पंख घडी उलगडल्यावर दहापटीहून जास्त पसरतो. त्या घडीवर वेगळे व्याख्यान द्यावे लागेल. आज फक्त एवढेच, की त्या शिरांमधूनही श्वासनलिका गेलेल्या असतात.

ताज्या किड्याचे विच्छेदन पाण्याखाली केले तर हे जाळे चांदीसारखे चमकते. आत हवा असते, म्हणून. तोच किडा अल्कोहोलच्या बाटलीत काही दिवस ठेवा आणि मग उघडा. चांदी गेलेली असते. नळ्यांत द्रव शिरतो आणि त्या आजूबाजूच्या मांसात दिसेनाशा होतात. संग्रहालयातल्या बाटल्यांवरून शरीररचना शिकणाऱ्याला हे जाळे भेटतच नाही. जुन्या पिढीतले शिक्षक ताज्या नमुन्यासाठी एवढे हट्टी का असत, ते यावरून कळते.

इतक्या पातळ नळ्या, आणि वर हलणारे, वाकणारे शरीर. मग त्या चेपत का नाहीत? शेतातल्या पंपाचा सक्शन पाइप तुम्ही पाहिला असेल. त्याच्या भिंतीत तारेचे वेटोळे असते, म्हणून तो वाकतो पण आतल्या ओढीने चिकटत नाही. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरात अशीच वेटोळ्याची जाड रेघ असते, त्याच पदार्थाची जो बाहेरच्या कवचात आहे. हे अस्तर कवचाचेच आहे, ही गोष्ट बाजूला ठेवा. तिच्याकडे नंतर यायचे आहे, आणि तिथे गंमत आहे.

नळ्या फुटत फुटत बारीक होतात. शेवटच्या सूक्ष्मनलिका एक मायक्रॉनहूनही अरुंद, आणि टोकाला तर मायक्रॉनचा पाचवा भाग. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. ही टोके पेशींना जाऊन भिडतात. उडणाऱ्या कीटकांच्या पंखांच्या स्नायूंत तर ती स्नायुतंतूच्या आत घुसल्यासारखी दिसतात. म्हणजे काय झाले? बाहेरची हवा थेट पेशीच्या दारात आली. मधे रक्त नाही, हिमोग्लोबिन नाही, ने-आण करणारे कुणी नाही. इअरविगचे रक्त अन्न वाहते, हार्मोन वाहते, जखमा बुजवते. ऑक्सिजनचे काम त्याच्याकडे जवळजवळ नाहीच. म्हणूनच किडा चिरडला तर लाल डाग पडत नाही. गटाराच्या तळातल्या लाल अळ्यांत हिमोग्लोबिन असते, हे खरे. पण तो अपवाद.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आले? इटलीतल्या बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगीच्या. त्याचा जन्म 1628 सालचा. त्याच वर्षी विल्यम हार्वीने रक्ताभिसरणावरचे आपले पुस्तक छापले. हार्वीच्या सिद्धान्तात एक दुवा राहिला होता: धमनीतले रक्त शिरेत जाते कुठून? 1661 मध्ये माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाने केशवाहिन्या पाहिल्या आणि तो दुवा जोडला. म्हणजे फुप्फुस आणि रक्त यांचे नाते डोळ्यांनी पाहणारा पहिला माणूस हा. आणि आठ वर्षांनी, 1669 मध्ये, याच माणसाने रेशमाच्या किड्यावर ग्रंथ लिहून दाखवले, की फुप्फुसाशिवाय आणि रक्ताशिवायही श्वास चालतो. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेले मत होते की कीटक श्वास घेत नाहीत. माल्पिगीने काय केले? अळीच्या श्वासरंध्रांवर तेल लावले. अळी मेली. वाद मिटला.

तेल! हा तेलाचा थेंब आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

इथवर रचना झाली. आता त्यामागचे गणित.

ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो पाण्यात पसरतो. शिवाय एक लिटर हवेत 209 मिलिलिटर ऑक्सिजन असतो, आणि 20 अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम सहा. आपली पेशी म्हणजे बहुतांश पाणी. तेव्हा प्राण्यापुढे प्रश्न असा: ऑक्सिजनला पाण्यातून कमीत कमी अंतर कसे चालायला लावायचे? आपण यावर उत्तर काढले पंप आणि रक्त. कीटकांनी उत्तर काढले, की हवाच आत न्यायची, पेशीपर्यंत. 1920 मध्ये कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग यांनी मोठ्या पतंगाच्या अळ्यांमधल्या नळ्यांची लांबी आणि रुंदी मोजून हिशेब मांडला. त्यातून निघाले, की अळीसारख्या प्राण्यात हवा निव्वळ पसरण्याने पोचू शकते. कुणी ढकलायची गरज नाही. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते केशवाहिन्यांवरच्या कामासाठी. माल्पिगी आणि क्रोग, दोघांनीही केशवाहिनी आणि श्वासनलिका ही दोन्ही टोके हाताळली. योगायोग असेल, मला तो आवडतो.

अर्थात हालचाल करणारा कीटक निव्वळ पसरण्यावर विसंबत नाही. दमलेला नाकतोडा पाहा, त्याचे पोट भात्यासारखे हलत असते. 2003 साली अमेरिकेत सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांखाली जिवंत भुंगेरे, रातकिडे आणि मुंग्या पाहिल्या गेल्या, तेव्हा त्यांच्या डोक्यातल्या आणि छातीतल्या नळ्या सेकंदा-दोन सेकंदाला दबताना आणि फुगताना दिसल्या. म्हणजे क्रोगचे गणित बरोबर होते, पण पुरे नव्हते.

तर मग, हवा इतक्या सहज आत येते, तर रंध्रे कायमची उघडी का ठेवू नयेत? वीस उघडी भोके. काय बिघडेल?

बिघडेल हे, की जिथून ऑक्सिजन आत येतो तिथूनच पाण्याची वाफ बाहेर जाते. आतल्या नळ्यांतली हवा दमट असते, बाहेरची कोरडी. दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या प्राण्यात पाणी असते किती? 1934 मध्ये केनेथ मेलनबी यांनी एक सुबक प्रयोग केला. कार्बन डायऑक्साइड वाढला की रंध्रे उघडतात, हे माहीत होते. त्यांनी कोरड्या हवेत तो थोडा मिसळला आणि किड्यांची रंध्रे उघडीच ठेवायला लावली. किड्यांचे पाणी भराभर गेले. झडपा मिटलेल्या असताना टिकणारा किडा झडपा उघड्या राहिल्यावर सुकला. यापेक्षा स्पष्ट साक्ष कोणती हवी?

आता रंध्राकडे पुन्हा बघा. बाहेरच्या भोकातून आत एक लहान कोनाडा. त्यात पुष्कळ कीटकांत धूळ अडवणारे केस. मग झडप, आणि ती मिटायला स्नायू. त्या स्नायूला त्या त्या खंडातल्या मज्जागंडातून हुकूम येतो, आणि कार्बन डायऑक्साइडची पातळीही त्याला हलवते. साध्या भोकाला एवढी यंत्रणा कशाला लागते? उघडायला लागत नाही. मिटायला लागते.

पण मी इथे वकिली करतो आहे, तेव्हा उलट बाजूही सांगायला हवी. पुढच्या काळात नीट मोजले गेले तेव्हा आढळले, की बहुतेक कीटकांत पाण्याचा मोठा वाटा कवचातून जातो आणि रंध्रांतून तुलनेने थोडा. म्हणून काही अभ्यासक म्हणू लागले, की झडपा पाण्यासाठी आहेत ही समजूत फार ताणली गेली. यावर माझे म्हणणे एवढेच: कुलूप लावलेल्या घरात चोरी कमी होते, म्हणून कुलूप निरुपयोगी ठरत नाही. मेलनबीने कुलूप काढून दाखवले होते.

त्याहून जोरदार हरकत 2005 मध्ये आली. ॲटलस पतंगाचे कोष, जे आपल्या सह्याद्रीतही सापडतात, त्यांच्यावर प्रयोग झाला. हे कोष तासन्‌तास रंध्रे मिटून बसतात, मग थोडी फडफडवतात, मग एकदम उघडतात. त्यांच्या नळ्यांतला ऑक्सिजन मोजला. बाहेरच्या हवेत त्याचा दाब सुमारे 21 किलोपास्कल असतो. फडफडीच्या काळात कोषाच्या आत तो चार-पाचवरच राहत होता, बाहेर ऑक्सिजन वाढवला तरीही. हेट्झ आणि ब्रॅडली या प्रयोगकर्त्यांचे म्हणणे असे, की निवांत बसलेल्या कीटकाला ऑक्सिजन जास्त होतो. जास्त ऑक्सिजन पेशींना जाळतो. म्हणून दारे मिटायची. हा वाद अजून संपलेला नाही, आणि धावत्या इअरविगला कोषाचा नियम जसाच्या तसा लावता येणार नाही. पण गंमत बघा. पाण्यासाठी मिटा किंवा ऑक्सिजनसाठी मिटा, दोन्ही पक्ष मिटण्याबद्दलच भांडत आहेत. उघडण्यावर कुणाचेच भांडण नाही.

नळीच्या दुसऱ्या टोकालाही असेच एक मिटणे आहे. व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी डासाच्या अळीत ते पाहिले आणि 1930 मध्ये त्याचा सिद्धान्त मांडला. सूक्ष्मनलिकांच्या टोकाशी थोडा द्रव असतो. अळी शांत असते तेव्हा तो नळीत बराच वर चढलेला असतो. म्हणजे हवा पेशीपासून लांब थांबलेली. स्नायू राबू लागले की पेशी तो द्रव शोषून घेतात आणि हवा पुढे सरकते, अगदी पेशीजवळ. काम थांबले, द्रव परतला. बाहेरच्या टोकाला झडप, आतल्या टोकाला पाणी. मधल्या नळीपेक्षा या दोन टोकांनी मला जास्त शिकवले.

आता तो तेलाचा थेंब. वर्षाचे गहू भरताना त्याला एरंडेल चोळणाऱ्या बायका या सभागृहात नक्की असतील. तूर, मूग, चवळीलाही चोळतात. का? कडधान्यातला भुंगा आपली अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवतो. तेलाचा पातळ थर बसला की अंड्याला हवा मिळत नाही. तेलाचे आणखीही परिणाम होतात, पण हे मोठे कारण. बोलोन्यात माल्पिगीने अळीवर केला तो प्रयोग आपल्या घरांत दर उन्हाळ्यात अंड्यांवर होत आला, आणि त्यासाठी कुणी प्रबंधाची वाट पाहिली नाही. साचलेल्या पाण्यावर रॉकेल ओतून डासाच्या अळ्या मारण्याची युक्तीही याच जातीची. अळीची ती एकच कामाची जोडी तेलाच्या तवंगाला लागली की संपले.

आणि पेव! सोलापूरकडची धान्याची पेवे, सांगलीजवळ हरिपूरची हळदीची पेवे. जमिनीत खोल खड्डा, तोंड लिंपून बंद. आत धान्य स्वतः श्वास घेते, बुरशी घेते, किडी घेतात. ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो. पेव उघडल्यावर लगेच उतरणारा माणूस गुदमरून मरतो हे जुन्या लोकांना ठाऊक होते. म्हणून ते उघडे ठेवायचे, दिवा सोडून पाहायचा, मगच माणूस उतरायचा. पण आतल्या किडी कशाने मरतात? तुम्ही म्हणाल, गुदमरून. मीही तसेच म्हटले असते. 2012 मध्ये चवळीतल्या भुंग्यांवर एक काम प्रसिद्ध झाले. हवाबंद साठ्यात ते तडकाफडकी गुदमरत नाहीत. ते खाणे थांबवतात आणि हळूहळू सुकून मरतात. कोरड्या दाण्यात पाणी नसतेच. भुंगा अन्न ऑक्सिजनने जाळतो आणि त्यातून निघणाऱ्या पाण्यावर जगतो. ऑक्सिजन नाही, म्हणून पाणी नाही. श्वासाचा प्रश्न फिरून पाण्यावर येतो तो असा.

आता किंमत. मघाशी एक गोष्ट बाजूला ठेवली होती: नळ्यांचे अस्तर हे कवचाचेच आहे. गर्भात श्वासनलिका कशी तयार होते? बाहेरची त्वचा जागोजाग आत दुमडत जाते. म्हणजे हे फुप्फुस नाही; हे आत गेलेले कातडे आहे. फळमाशीवर काम करणाऱ्यांनी ही दुमड आणि तिच्या फांद्या घडवणारी जनुके शोधली आणि त्यांना नावे दिली ब्रेथलेस, ब्रांचलेस, ट्रेकियालेस. ज्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो त्या ब्रांचलेसचा संदेश सोडतात आणि नळीची बारीक फांदी त्यांच्या दिशेने वाढते. उंदराच्या फुप्फुसाला फांद्या फुटताना त्याच कुळातले प्रथिन कामाला येते. दोन इतके वेगळे अवयव, आणि फांदी फुटण्याची हाक एकाच घराण्याची.

पण कातडे असल्यामुळे ते टाकावे लागते. इअरविगचे पिल्लू वाढताना चार-पाच वेळा कात टाकते. बाहेरची कात टाकणे आपल्याला समजते. त्याबरोबर श्वासनलिकांचे अस्तरही टाकायचे असते. कसे? जुन्या नळीभोवती नवी, रुंद नळी आधीच तयार होते. मग जुने अस्तर रंध्रांतून बाहेर ओढले जाते, धाग्यासारखे. तुम्ही लगेच विचाराल, कडेने धावणारी ती लांब नळी आपल्या बाजूच्या दहा रंध्रांना जोडलेली आहे. ती एका रंध्रातून कशी निघेल? निघत नाही. तिचे अस्तर दोन रंध्रांच्या मधे ठरलेल्या जागी तुटते, आणि प्रत्येक तुकडा आपापल्या रंध्रातून बाहेर पडतो. सूक्ष्मनलिका मात्र सहसा टाकल्या जात नाहीत. त्या नव्या नळीला जोडल्या जातात. स्वतःच्या श्वासाची वाट सोलून बाहेर काढायची, तीही जिवंतपणी. कात टाकताना इतके कीटक मरतात यात नवल नाही.

दोन कातींच्या मधे मोठ्या नळ्या रुंदावत नाहीत, शरीर मात्र वाढतच राहते. मग हवा अपुरी पडू लागते. 2011 मध्ये तंबाखूवरच्या मोठ्या अळीवर दाखवले गेले, की ही ऑक्सिजनची टंचाईच कात टाकण्याचा एक इशारा असतो. अळीला वय मोजता येत नाही, वजनाचा काटा नाही. धाप लागली की समजायचे, आता कपडे लहान झाले.

आकाराच्या मर्यादेवर थोडक्यात बोलतो, कारण त्यावर आधीच फार बोलले गेले आहे. तीसेक कोटी वर्षांपूर्वी फ्रान्सच्या कोमांत्रीत पंखांचा पसारा 65 सेंटिमीटर असलेला चतुरासारखा मेगॅन्युरा दगडात गाडला गेला. शार्ल ब्राँन्यार यांनी 1885 मध्ये त्याला नाव दिले. तेव्हा हवेत ऑक्सिजन आजच्यापेक्षा बराच जास्त होता, म्हणून कीटक अवाढव्य, असे सांगतात. 2007 मध्ये भुंगेऱ्यांच्या मोजणीत दिसले, की कीटक मोठा होत जातो तशी पायाच्या सांध्यातली नळ्यांची जागा प्रमाणाबाहेर वाढते. शेवटी तिथे मांसाला जागा उरणार नाही. हे पटण्यासारखे आहे. पण ‘ऑक्सिजन जास्त, म्हणून किडे मोठे’ ही ओळ मला जरा जास्तच गुळगुळीत वाटते. तेव्हा आकाशात पक्षी नव्हते, हेही विसरू नये. आणि आजच्याच हवेत, अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर, आठ सेंटिमीटर लांबीचा इअरविग राहत होता. त्याला हवा कमी पडली नाही. त्याच्या अंगावरचे दगड बांधकामासाठी उचलले गेले, उंदीर आले, परदेशी गोमा आल्या. 1967 नंतर तो कुणाला जिवंत दिसला नाही आणि 2014 मध्ये त्याला नामशेष ठरवले गेले.

शेवटचा मुद्दा अंड्याचा. इअरविगची मादी मातीत बीळ करून पन्नासेक अंडी घालते आणि ती उबेपर्यंत सोडून जात नाही. स्वीडनच्या डे गीअर यांनी 1773 मध्येच याचे वर्णन केले आहे. ती अंडी सारखी उलटवते, चाटते. मादी काढून घेतली की अंड्यांना बुरशी लागते. अंड्याला रंध्र नसते. त्याचा वायूचा व्यवहार कवचातूनच चालतो, आणि त्या कवचावर काही वाढू न देणे हे आईचे काम.

आत भ्रूणाच्या श्वासनलिका तयार होतात तेव्हा त्या द्रवाने भरलेल्या असतात. मग पहिला श्वास कसा होतो? आपल्या तान्ह्या बाळाप्रमाणे किडा बाहेर येऊन हवा ओढत असेल, असा अंदाज कुणीही करेल. 1931 मध्ये विगल्सवर्थ आणि त्यांच्या सहकारी एनिड साइक्स यांनी निरनिराळ्या कीटकांची अंडी फुटण्याच्या सुमारास भिंगाखाली धरली. पुष्कळ जातींत असे दिसले, की पेशी नळ्यांतला द्रव शोषून घेतात आणि द्रवात विरघळलेला वायू त्या जागी सुटतो. नळ्या आतूनच भरतात. काही अंडी पाण्याखाली होती, हवेशी कसलाच संबंध नव्हता, तरी नळ्या भरल्या. पहिला श्वास, आणि सगळी दारे मिटलेली.

माझे बोलणे इथे थांबवतो. कार्यवाहांनी प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे. झुरळाच्या दोन काती आणि एक भिंग सोबत आणले आहे. या टेबलावर ठेवतो. कातीच्या आतल्या बाजूला, कुशीकडे, पांढरे धागे लोंबताना दिसतील. ती काढून टाकलेल्या श्वासनलिकांची अस्तरे आहेत. काती हाताने उचलू नका, फार ठिसूळ असतात.